काही लावलं होतं का?

पडून राहणं मला कधीच जमलं नाही. आजही जेवायला बसलो की माझा एक गुडघा हलत असतो आणि ताट वाजतं म्हणून कमल, माझी बायको, करवादते. अशा माणसाला यवतमाळच्या दवाखान्यात जवळजवळ महिनाभर एका खाटेवर पडावं लागलं, त्याची ही हकिकत आहे. ती लिहायला मी फार उशीर केला. जखम घेऊन डॉक्टरांपुढे जाणाऱ्या कुणाला यातून काही उपयोग झाला तर चांगलंच आहे. बाकीचं मला माझ्यासाठी सांगायचं आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी राळेगावला देवीची लस टोचायच्या नोकरीवर होतो. सायकलला पेटी बांधायची आणि गावोगाव फिरायचं. लोक मला देवी डॉक्टर म्हणत. सातवी पास माणसाला कुणी डॉक्टर म्हटलं की काय होतं ते मी सांगायला नको. आमच्या तांड्यातला सरकारी नोकरीला लागलेला मी पहिलाच. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले, मी सायकलवर लस घेऊन हिंडत होतो.

लस टोचली की आठव्या दिवशी परत जाऊन पोराचा दंड बघायचा. फोड आला असेल तर लस धरली. फोड बघून बाया घाबरत. मी त्यांना सांगायचो, "बाई, फोड आला हे चांगलंच झालं. अंगानं दुश्मनाचं तोंड ओळखून ठेवलं. आता खरी देवी आली तं अंग तिले दारातूनच हाकलते." हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. पाठ होतं, समजलेलं मात्र नव्हतं.

दुसरंही एक भाषण पाठ होतं. जखमेला शेण, राख, बिब्बा काही लावू नका. बिब्बा आमच्या रानात हवा तेवढा. काळं, टणक फळ. सुईनं टोचून दिव्यावर धरलं की काळं जळजळीत तेल गळतं. काटा रुतला, टाच फुटली की त्या तेलाचा चटका द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. परीट त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करतात आणि कपडा विरला तरी खूण जात नाही. काही जणांना बिब्बा मानवत नाही. अंग सुजतं, फोड येतात, आग होते. त्याला बिब्बा उतणं म्हणतात.

त्या उन्हाळ्यात आमचे आरोग्य अधिकारी दौऱ्यावर आले होते. त्यांच्यासमोर मी एका म्हाताऱ्याला पायाला बिब्बा लावला म्हणून असं झापलं की बिचारा पाय धोतराखाली लपवू लागला. साहेब खूश झाले. मला नोकरीत कायम करायची शिफारस करतो म्हणाले. तो म्हातारा माझ्या बापाच्या वयाचा होता.

काटा

दिवाळी होऊन गेली होती. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सायकल ढकलत चाललो होतो. बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात गेला. उपसला तर अर्धाच हातात आला. बसून नीट बघायला हवं होतं, पण बसेल तो मी कसला! त्या पायानं आणखी दोन गावं केली.

तिसऱ्या दिवशी पाय भरला. घोट्यापासून पोटरीवर एक लाल रेघ चढली. जांघेत सुपारीएवढी गाठ आली. आमच्याकडे तिला अवधाण म्हणतात. अंगात ताप. राळेगावपेक्षा आमचा तांडा जवळ होता म्हणून याडीकडे गेलो. याडी म्हणजे आई. ती माझ्याशी आमच्या गोरबोलीत बोलायची आणि बाहेरच्यांशी वऱ्हाडीत. इथे मी तिचं सगळंच वऱ्हाडीत लिहितो.

"याडी, बिब्बा लाव," मी म्हणालो.

"नाही लावत. तुले बिब्बा उतते. लहानपणी टाचेले लावला होता तं पाय केवढा झाला होता, आठोते का?"

"लहानपणीचं काय घेऊन बसली? लाव."

"नाही म्हटलं ना म्या. दवाखान्यात जाय, बेटा. तू तं लोकाईले हेच सांगत फिरतं."

"उद्या जातो. आज कळ सोसत नाही. लाव!"

मी ओरडलोच. तिनं दिवा लावला. घाईत तेल जास्त गळलं आणि तळव्यावरून घोट्यापर्यंत ओघळलं. मी दोन बोटांनी ते सगळीकडे चोळलं. चटक्यानं कळ थोडी दबली आणि मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ताप इतका चढला की भावानं बैलगाडीत घातलं. राळेगावला कमल बसली, मांडीवर आमची वर्षाची इंदू. तिथून एसटीनं यवतमाळ, याडीही सोबत. एसटीत चढण्याआधी मी याडीला बाजूला घेतलं. "दवाखान्यात बिब्ब्याचं नाव काढू नको. कमलपाशी बी नको. माही नोकरी जाईन."

"बरं," याडी म्हणाली.

पहिला दिवस

शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे होते. त्यांनी पाय उचलला, रेघ पाहिली, गाठ चाचपली आणि विचारलं, "काही लावलं होतं का? शेण, पाला, बिब्बा?"

"नाही साहेब. मी स्वतः आरोग्य खात्यात आहे. देवी टोचतो."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "अरे वा, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच."

आमच्यातलेच. मला असं कुणी यापूर्वी म्हटलं नव्हतं. तांड्यातल्या माणसाला दवाखान्यात काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ताप असूनही मी खाटेवर सरळ बसलो. पुढे जे झालं त्याला नोकरीची भीती जेवढी कारण होती, तेवढाच हा एक शब्दही होता.

त्यांनी तळवा उघडून काट्याचा तुकडा काढला. वाटीभर पू निघाला. मी तोंड फिरवलं तर म्हणाले, "घाण म्हणू नका त्याला. तुमच्या रक्तातले शिपाई लढून मेले, त्यांची प्रेतं आहेत ती. आणि ती जांघेतली गाठ म्हणजे नाका. वर सरकणारं विष तिथं अडवलंय त्यांनी. दुखतंय म्हणून शिव्या देऊ नका." मग पेनिसिलिन सुरू झालं.

पडून राहणं

पहाटे थर्मामीटर. मग फिनेलचा वास आणि झाडूवाल्याची बादली. मग चहा, मग सुई, मग ड्रेसिंग, मग सुई. माझी खाट खिडकीपासून दूर होती. मी छताच्या पट्ट्या मोजायचो, चुकायचो, पुन्हा मोजायचो. चादर पायाशी गोळा व्हायची. सिस्टर ती ताणून जायची आणि ती वळली की मी पुन्हा गोळा करायचो. "काहून इतके वळवळ करता भाऊ? टाका उसवून घ्याचा हाय का?" ती म्हणायची. याडी खाटेखाली बसायची. तिच्या दंडापासून मनगटापर्यंतच्या बांगड्या जराशा हालचालीनं वाजत. त्या आवाजानं मी चिडायचो. आवाज नाही आला तरी चिडायचो, ती कुठे गेली म्हणून.

दोन दिवसांत ताप उतरला. जांघेतली गाठ बसायला लागली. सगळं सुधारत होतं आणि पाय मात्र बिघडत होता. बँडेज सोडलं की घोट्याभोवती काळं दिसायचं. त्या काळ्यातून फोड वर आले, आधी मोहरीएवढे, मग लिंबाएवढे, पाण्यानं टच्च भरलेले. आग अशी की पाय बर्फात ठेवावा. आणि खाज. कळ सोसता येते, खाज सोसता येत नाही. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यातही बारीक फोड उठले. तो हात मी पांघरुणाखाली ठेवायला लागलो.

मला माहीत होतं का? आज विचाराल तर हो. तेव्हा विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, एवढ्याशा चटक्यानं इतकं कसं होईल, डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. शेकडो दंडांवरचे फोड बघून ते काय सांगतायत हे ओळखणारा मी, स्वतःच्या पायावरच्या फोडांकडे बघत नव्हतो.

डॉक्टरांनी काळ्या भागावर बोट दाबलं. वाकून वास घेतला. "खरं सांगा, काही लावलं होतं का?"

"नाही."

कमलनं याडीकडे पाहिलं. याडी फरशीकडे बघत होती.

सकाळ

त्यानंतरच्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा सोबत आणखी एक डॉक्टर होते. दोघं पायाशी उभे राहून हळू बोलले. मग मोठे डॉक्टर माझ्या डोक्याशी आले आणि खाटेच्या कडेवर बसले. डॉक्टर खाटेवर बसले की समजून जावं.

"काळं वर सरकतंय. मांस सडत असेल तर ते थांबत नाही, जीव घेतं. पाय घोट्याच्या वर काढावा लागेल. आज दुपारी."

कमलनं इंदूला घट्ट धरलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मंग सायकल?" आणि तोंडाला पदर लावला.

त्या दोन-तीन तासांबद्दल मला नीट लिहिता येत नाही. मी उठून बसायचो, पडायचो, पुन्हा बसायचो. चांगल्या पायानं खाटेच्या दांडीवर ठेका धरायचो. जाणारा पाय मी हातानं चाचपला. अंगठा गरम होता. तो हलवून पाहिला, हलला. हा माझा पाय आहे, असं मी मनात म्हणत होतो. याडी खालून उठली आणि माझ्या कानाशी वाकली.

"सांगू?"

"नाही."

"पाय चालला, बेटा."

"गप बैस. कायले माह्या मागं लागली?"

पाय गेल्यावर सायकल कोण चालवणार होतं, आणि सायकल नाही तर नोकरी कसली? इतकं साधं माझ्या डोक्यात येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तो म्हातारा होता, खूश झालेले साहेब होते, आणि 'तुम्ही आमच्यातलेच' म्हणणारे डॉक्टर. त्यांचा चेहरा बदललेला मला बघायचा नव्हता. माणूस लाजेपायी पाय द्यायला तयार होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

बाराच्या सुमारास न्हावी आला. पाय कापण्याआधी त्यावरचे केस काढावे लागतात. त्यानं वाटीत पाणी घेतलं आणि वस्तरा पुसला. ते पाहून याडी उठली आणि काही न बोलता वॉर्डाबाहेर गेली. तिच्या बांगड्यांचा आवाज व्हरांड्यातून लांब जाताना मला ऐकू येत होता. मी हाक मारली नाही. ती कुठे चालली ते मला कळलं होतं.

डॉक्टर तिच्या पुढे झपाझप चालत आले. मागून याडी.

"पुन्हा सांगा, बाई. इथं, यांच्यासमोर."

याडीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "साहेब, म्या बिब्बा लावला. पोरगा तापात बेसुध पडेल होता. त्याले ठाऊकच नाही. त्यानं तं कधी लावू देला नसता. म्या अडाणी, म्या लावला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे खरं?"

सगळा वॉर्ड बघत होता. कमल बघत होती. मी मान हलवली. हो अशी.

पहारा

मग सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी माझे हात मागितले आणि बोटांतले फोड पाहिले. तापात पाय खाजवताना तेल लागलं असेल, असं त्यांनी धरलं. काळ्या कातडीवर स्पिरिटचा बोळा घासला. काळा डाग गेला नाही, पण भोवतीची कातडी लालच दिसली. टाचणी टोचली तसा मी किंचाळलो. "सडलेलं मांस असं ओरडत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी न्हाव्याला परत पाठवलं. सुटका झाल्यासारखे ते जरा हसलेही. मग याडीकडे वळले तेव्हा हसू गेलं होतं.

"तुमच्यामुळे आज आम्ही तुमच्या लेकाचा पाय कापला असता, बाई! चार दिवस समोर बसून राहिलात आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"चुकलं, साहेब," याडी म्हणाली.

कमल त्याहून वाईट बोलली. ते मी लिहीत नाही, तिचा दोष नव्हता. त्या दिवसापासून तिनं याडीला खाटेजवळ येऊ दिलं नाही. याडी व्हरांड्यात बसायची. जेवण तिथेच, झोपणं तिथेच. सिस्टर ये-जा करताना तिला माझी खबर द्यायची. "सूज उतरून राह्यली, आजी. आज भाकर खाल्ली त्यानं." एकदा तिनं स्वतःचा चहा याडीला दिलेला मी पाहिला. मी ते करायला हवं होतं.

पाय हळूहळू ओसरला. गार पाण्याच्या घड्या, पांढरं पातळ औषध, खाजेसाठी सुई. कातडीचे पापुद्रे निघाले आणि खालून नवी गुलाबी कातडी आली. एका दुपारी डॉक्टर निवांत होते तेव्हा मी विचारलं, एवढ्याशा तेलानं इतकं कसं?

"लहानपणी कधी लावला होता का?"

"हो."

"तेव्हाच अंगानं त्याचं तोंड ओळखून ठेवलं. तुम्ही लस टोचता तेव्हा दुसरं काय करता? अंग एकदा पाहिलेला दुश्मन विसरत नाही. फक्त कधीकधी ते चुकतं आणि साध्या तेलाला दुश्मन समजतं. मग पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतात आणि स्वतःच्याच घराची मोडतोड करतात. तुमच्या पायात दोन लढाया चालल्या होत्या. काट्याच्या विषाशी चाललेली खरी होती, ती अंगानं जिंकली. दुसरी नसत्या शत्रूशी होती. मला दोन्ही एकच वाटल्या, कारण मला सगळं सांगितलं नव्हतं. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं म्हणा!"

मी खिडकीकडे बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो आणि पाय वाचलेला होता. पण एकदा मान हलवल्यावर ती परत कशी फिरवायची, ते मला कळलं नाही.

नंतर

मी नोकरीत कायम झालो. सायकल पुन्हा सुरू झाली. बिब्ब्याचं भाषणही सुरू झालं, आता जास्त रंगायचं. चपला काढून पायावरचे डाग दाखवायचो आणि सांगायचो, "माह्याच मायनं लावला होता. पाय जाता जाता वाचला." लोक तोंडात बोट घालायचे. हे मी वर्षानुवर्षं सांगितलं. आता लिहिताना हात थांबतो, पण मी असं सांगत फिरलो हे खरं आहे.

पुढे याडी आमच्याकडे राळेगावला राहायला आली. इंदू पाच वर्षांची असेल. अंगणात पडली, गुडघा फुटला आणि रडत जवळ बसलेल्या दादीकडे पळाली. "दादी, फुंक मार." याडीनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले. "तुह्या मायले दाखव, बाई. मी नाही हात लावत." पोर तिथेच उभी राहून रडत होती आणि याडी हात ओढणीखाली धरून तिच्याकडे बघत होती. मी दारात चपला घालत होतो. घालून बाहेर पडलो.

याडी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मलाही कधी बोलून दाखवली नाही.

कुणाला दवाखान्यात जावं लागलं तर माझं एवढं ऐका. काय लावलं, काय प्यायलं, कुणाकडून मंतरून घेतलं, सगळं सांगा. डॉक्टर ओरडतील आणि विसरतील. तुमचं अंग तुमच्यासाठी जीव तोडून लढत असतं, निदान तुम्ही तरी त्याच्या आड येऊ नका.

हे इथवर लिहून मी वही कमलपुढे ठेवली. ती चौथी शिकलेली आहे, हळू वाचते, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिनं वही मिटली नाही. त्याच पानावर हात ठेवला.

"मी तिले इंदूले हात लावू नाही देला," ती म्हणाली. "मरेपर्यंत नाही देला. तुमी पाहत होते."

"हो," मी म्हणालो, "पाहत होतो."